'क्लेम' हा इंग्रजी शब्द : त्याचे मराठी पर्याय व व्यवहारातील उपयोग

खेड्यातील शिक्षकाकडे इंग्रजी शब्द दोन वाटांनी येतात. एक वाट पाठ्यपुस्तकाची. दुसरी वाट गावच्या कागदपत्रांची. विमा कंपनीचे पत्र, बँकेची सूचना, तहसील कचेरीतून आलेला छापील नमुना हातात घेऊन एखादा पालक शाळेच्या पायरीशी उभा राहतो आणि विचारतो, "गुरुजी, यात काय लिहिलंय तेवढं सांगा." अशा कागदांवर वारंवार आढळणारा एक शब्द म्हणजे 'क्लेम'. शब्दकोश उघडला तर त्यापुढे हक्क, दावा, मागणी, प्रतिपादन असे शब्द एकाच ओळीत मांडलेले दिसतात. ओळ एक असल्यामुळे त्यांचा अर्थही एकच असावा, अशी वाचणाऱ्याची समजूत होते. ती बरोबर नाही.

ग्रामीण बोलण्यात 'दावा' म्हणजे कोर्टातला खटला. 'तुम्ही दावा करा' असे सांगितले की साधा माणूस बिचकतो. कोर्टकचेरी, वकील, तारखा आणि खर्च हे सारे त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. 'आपल्याला कुणाशी भांडायचं नाही' असे म्हणून तो कागद घडी करून खिशात ठेवतो आणि मुदत निघून जाते. वास्तविक त्या कागदाने त्याला भांडायला सांगितलेले नसते. जे त्याचे आहे ते मागून घ्यावे, एवढेच सांगितलेले असते. अशा प्रसंगी शब्दार्थाची चूक ही केवळ भाषेची चूक राहत नाही. तिची किंमत एखाद्या कुटुंबाला मोजावी लागते. म्हणून या एका शब्दाच्या अर्थच्छटा शिक्षकाने नीट समजून घेणे उपयुक्त ठरेल.

शब्दाचे मूळ

'क्लेम' हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेतील 'क्लामारे' या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ ओरडणे, मोठ्याने हाक मारणे. याच कुळातील इतर शब्द शिक्षकांच्या परिचयाचे आहेत. 'एक्स्क्लेम' म्हणजे उद्गार काढणे, 'प्रोक्लेम' म्हणजे जाहीर करणे, 'अक्लेम' म्हणजे वाखाणणे किंवा जयघोष करणे आणि 'क्लॅमर' म्हणजे गलका. या सर्वांत आवाज आहे. म्हणजे 'क्लेम' करणे याचा मूळ भाव 'हे माझे आहे' असे चारचौघांत मोठ्याने सांगणे हाच होय.

मराठीतील शब्दांकडे पाहिले असता हाच प्रकार आढळतो. 'दावा' हा शब्द अरबीतून आला. त्याच्या मुळाशी हाक मारणे, बोलावणे हा अर्थ आहे. 'फिर्याद' हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. 'वादी' व 'प्रतिवादी' हे शब्द संस्कृतातील 'वद्' म्हणजे बोलणे या धातूवरून झाले. निरनिराळ्या भाषांनी या एका कल्पनेसाठी शब्द बनवताना आवाजाचाच आधार घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

'हक्क' हा शब्द मात्र या पंक्तीत बसत नाही. तोही अरबीच, पण त्याचा मूळ अर्थ सत्य, जे खरे व न्याय्य आहे ते, असा आहे. त्यात बोलणे नाही. यावरून सर्व विवेचनाचे सूत्र हाती येते. हक्क ही असलेली गोष्ट आहे. दावा ही सांगितलेली गोष्ट आहे. हक्क असूनही तो कोणी सांगितला नाही, असे घडू शकते. हक्क नसताना दावा केला, असेही घडू शकते. इंग्रजीतही 'राइट' व 'क्लेम' हे दोन शब्द असाच भेद दाखवतात.

विनंती, मागणी, हक्क व दावा

हे शब्द एका शिडीच्या पायऱ्यांसारखे आहेत. 'विनंती' किंवा 'अर्ज' यात देणाऱ्याच्या मर्जीला स्थान असते. त्याने दिले तर मिळाले, न दिले तर तक्रार नाही. इंग्रजीत याला 'रिक्वेस्ट' म्हणतात. 'मागणी' म्हणजे 'डिमांड'. तिच्यात जोर आहे, परंतु तो जोर कशाच्या आधारावर आहे हे त्या शब्दावरून कळत नाही. 'हक्क सांगणे' यात आधार आला. 'हे मला मिळावयास हवे, कारण ते माझेच आहे' असा त्याचा भाव असतो. 'दावा करणे' याचा अर्थ तो हक्क किंवा ते म्हणणे निर्णय देणाऱ्यापुढे मांडणे असा होतो. दावा मांडला की पुरावा द्यावा लागतो आणि निर्णयाची वाट पाहावी लागते. इंग्रजी 'क्लेम' या शब्दात शेवटच्या दोन्ही पायऱ्या एकत्र येतात. मराठीत त्या वेगळ्या असल्याने भाषांतर करताना प्रसंग पाहून शब्द निवडावा लागतो.

हा भेद स्पष्ट करणारा एक प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. 1923 च्या ऑगस्ट महिन्यात मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादी ठिकाणे अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. त्यानंतर 1924 मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या ताब्यातील चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर मान्य झाला होता. तरी प्रत्यक्षात तेथे पाणी भरणे शक्य झाले नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले व त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यांनी पाण्यासाठी विनंती केली नाही; आपला हक्क बजावला.

पुढे त्याच वर्षाच्या डिसेंबरात विरोधकांनी दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला. तळे सार्वजनिक नसून खाजगी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे प्रकरण अनेक वर्षे चालले आणि मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. येथे दोन्ही शब्द आपापल्या अर्थासह समोरासमोर येतात. एका बाजूला हक्क होता. तो कृतीने सांगितला गेला. दुसऱ्या बाजूला दावा होता. तो न्यायालयात सिद्ध झाला नाही. इंग्रजीत या दोन्ही बाजूंसाठी 'क्लेम' हाच शब्द वापरता येईल. मराठीत दोहोंना 'दावा' म्हटले तर प्रसंगाचे मर्मच हरवेल. ओंजळभर पाण्यापासून निकालापर्यंत दहा वर्षे लागली, हेही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. हक्क असणे आणि तो हाती येणे यांत केवढे अंतर असू शकते, ते त्यावरून कळते.

गावच्या कागदांतील 'क्लेम'

विम्याच्या कागदांत हा शब्द सर्वांत अधिक आढळतो. आयुर्विमा महामंडळाची स्थापना 1956 मध्ये झाली. तेव्हापासून विम्याचा व्यवहार खेड्यापाड्यांत पोहोचत गेला आणि 'क्लेम केला', 'क्लेम मंजूर झाला' हे प्रयोग बोलण्यात रुळले. येथे 'क्लेम' म्हणजे करारानुसार देय असलेली रक्कम रीतसर मागणे. त्यासाठी 'विमा दावा' हा शब्द छापला जातो. तो शब्द बदलण्याचे कारण नाही; मात्र तो वाचून दाखवताना, 'हा खटला नव्हे, ठरलेली रक्कम मागण्याची ही रीत आहे' एवढे वाक्य शिक्षकाने जोडावे. शिक्षकाला स्वतःच्या व्यवहारातही हा शब्द भेटतो. प्रवासभत्ता किंवा औषधोपचाराचा खर्च मागताना इंग्रजीत 'क्लेम' म्हणतात. मराठीत प्रवासभत्त्याचे 'देयक' व खर्चाची 'प्रतिपूर्ती' हे शब्द तेथे योग्य होत.

बँकेच्या सूचनेत 'अनक्लेम्ड डिपॉझिट' असे शब्द येतात. ज्या ठेवीबाबत दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ कोणीही मागणी केलेली नाही, अशी ठेव. रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये केलेल्या योजनेनुसार अशा रकमा एका स्वतंत्र निधीत जमा केल्या जातात. या शब्दाचे भाषांतर 'बेवारशी ठेव' असे करण्याचा मोह होतो. तो टाळावा. 'बेवारशी' म्हणजे ज्याला वारस नाही ते. येथे वारस असतो. त्याने अद्याप मागणी केलेली नसते, एवढेच. निधीत गेलेली रक्कमही ठेवीदाराला किंवा त्याच्या वारसाला आपल्या बँकेमार्फत परत मागता येते. वडिलांच्या मागे राहिलेल्या जुन्या पासबुकावर 'बेवारशी' हा शब्द ऐकला तर मुलगा ते पासबुक टाकून देईल. 'मागणी न केलेली ठेव' हे शब्द ऐकले तर तो बँकेत जाईल. एका शब्दाने एवढा फरक पडतो.

तिसरा कागद वनहक्काचा. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा 2006 मध्ये संमत झाला. या कायद्याच्या नावातच 'मान्यता' हा शब्द आहे, याकडे लक्ष द्यावे. जो हक्क आधीपासून होता परंतु नोंदला गेला नव्हता, त्याला मान्यता द्यावयाची, अशी कायद्याची भूमिका आहे. म्हणून त्याखाली केली जाणारी मागणी ही दयेचा अर्ज नसून 'दावा' आहे. हा दावा प्रथम न्यायालयात जात नाही. तो ग्रामसभेपुढे येतो. ग्रामसभेची वनहक्क समिती त्याची पडताळणी करते. नंतर तो उपविभागीय समितीकडे व शेवटी जिल्हा समितीकडे जातो. दाव्यासोबत नियमांत सांगितलेल्या पुराव्यांपैकी किमान दोन पुरावे जोडावयाचे असतात. दावा करणाऱ्याखेरीज गावातील अन्य वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकत हाही एक पुरावा धरला जातो. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर 60 दिवसांच्या आत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये याच कायद्याने सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने मिळून जंगलावर दावा केला आणि तो मान्य झाला. येथे 'दावा' हा शब्द भांडणाचा राहिला नाही. गावाने एकत्र बसून, नकाशे व जुन्या खुणा पाहून, आपले म्हणणे शांतपणे मांडण्याचा तो शब्द झाला.

'म्हणणे' या अर्थी 'क्लेम'

या शब्दाचा आणखी एक अर्थ मालकीशी वा पैशाशी संबंधित नाही. एखादी गोष्ट खरी आहे असे कोणी सांगतो, परंतु ती अद्याप सिद्ध झालेली नसते, तेव्हाही इंग्रजीत 'क्लेम' हेच क्रियापद येते. वृत्तपत्रात 'या औषधाने आजार समूळ बरा होतो, असा दावा कंपनीने केला' असे वाक्य असते. येथे बातमीदाराने आजार बरा होतो असे म्हटलेले नाही. कंपनी तसे म्हणते, एवढेच त्याने कळवले आहे. पुष्कळ वाचक वाक्याचा पहिला भाग वाचतात व शेवटचे चार शब्द सोडून देतात. या चार शब्दांकडे बोट दाखवणे हे भाषेच्या शिक्षकाचे मोठेच काम आहे. जाहिराती व मोबाइलवरून फिरणारे संदेश यांच्या आजच्या काळात तर त्याची गरज अधिक आहे.

या अर्थाच्या जवळचे शब्दही तपासून वापरावेत. साधे 'सांगणे' म्हणजे 'से'. जोर देऊन, ठासून सांगणे म्हणजे 'असर्ट'. पुराव्यावाचून दुसऱ्यावर दोष ठेवणे म्हणजे 'अलेज'. त्यासाठी मराठीत 'आरोप करणे' हा शब्द आहे. विद्वत्तापूर्ण लेखनात कारणे देऊन मत मांडले असेल तर 'प्रतिपादन करणे' म्हणावे. तेथे 'दावा' म्हटल्यास लेखकाच्या म्हणण्यावर विनाकारण संशयाची छाया पडते.

या संदर्भात इतिहासातील दोन प्रसंग मनोरंजक आहेत. 1761 मध्ये पानिपतच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यानंतर काही वर्षांनी 'मीच भाऊसाहेब' असे म्हणणारा एक इसम पुढे आला. त्याला अनुयायी मिळाले, बंड झाले आणि अखेर 1776 मध्ये ते मोडले गेले. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात, समुद्रात नाहीसा झालेला टिचबोर्न घराण्याचा वारस आपणच, असे सांगणारा एक मनुष्य ऑस्ट्रेलियातून आला. त्याचा दावा न्यायालयात टिकला नाही आणि 1874 मध्ये त्याला शिक्षा झाली. इंग्रज लोक त्याला 'द क्लेमंट' म्हणजे नुसता 'दावा करणारा' म्हणत. मराठीने मात्र अशा माणसासाठी 'तोतया' हा शब्द वापरला. 'तोतया' म्हणताच निकाल लागलेला असतो. 'दावेदार' म्हणताना निकाल बाकी असतो. 'हक्कदार' म्हणताना निकाल त्याच्या बाजूने लागलेला असतो. हे तीन शब्द शेजारी शेजारी फळ्यावर लिहिले तर दुसऱ्या स्पष्टीकरणाची फारशी गरज उरत नाही.

शब्दशः भाषांतराचे धोके

काही वाक्प्रयोगांत 'क्लेम' शब्द असला तरी मराठीत हक्क किंवा दावा यांपैकी एकही शब्द चालत नाही. पुराने दहा माणसे 'क्लेम' केली, याचे मराठी 'पुराने दहा बळी घेतले' असेच होते. एखाद्या संघटनेने घातपाताची 'रिस्पॉन्सिबिलिटी क्लेम' केली, तर तिने जबाबदारी 'स्वीकारली' असे म्हणावे. एखादा प्रश्न आपले लक्ष 'क्लेम' करतो, म्हणजे तो लक्ष वेधून घेतो. रेल्वे स्थानकावर हरवलेली पेटी 'क्लेम' करावयाची म्हणजे ओळख पटवून ती ताब्यात घ्यावयाची.

'रिक्लेम' या शब्दाचा 'पुन्हा दावा करणे' असा अर्थ दरवेळी होत नाही. समुद्रात भराव घालून जमीन मिळवण्याला इंग्रजीत 'रिक्लेमेशन' म्हणतात आणि मुंबईतील काही भागांच्या नावांत हा शब्द आजही टिकून आहे. 'स्टेक अ क्लेम' या प्रयोगामागे खाणकामगारांचा व्यवहार आहे. 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर तेथे लोकांची रीघ लागली. ज्याने त्याने जमिनीच्या तुकड्याच्या कडेला खुंट रोवून तो आपला म्हणून ठरवला. त्या तुकड्यालाच 'क्लेम' म्हणू लागले. आता हा प्रयोग कोणत्याही गोष्टीवर आधीच हक्क सांगून ठेवणे या अर्थाने होतो.

वर्गातील उपयोग

वरच्या इयत्तांत हा शब्द शिकवताना शिक्षकाने एकदम अर्थांची यादी देऊ नये. प्रथम एक वस्तू घ्यावी. वर्गात सापडलेली पेन्सिल टेबलावर ठेवावी आणि ती कोणाची असे विचारावे. एक मुलगा 'माझी' म्हणेल. हा त्याचा दावा. 'तुझी कशावरून?' असे विचारल्यावर तो खूण सांगेल. हा पुरावा. खूण जुळली की पेन्सिल त्याला द्यावी. हा निर्णय. दोन मुलांनी 'माझी' म्हटले तर पाठ अधिकच रंगेल. मात्र जो मुलगा गप्प बसला आणि ज्याची पेन्सिल खरोखर होती, त्याच्याकडेही वर्गाचे लक्ष वेधावे. हक्क होता, पण सांगितला नाही. म्हणून वस्तू दुसऱ्याच्या हाती जाण्याची वेळ आली. भित्र्या व अबोल मुलांसाठी हा धडा शब्दार्थाहून मोलाचा आहे.

त्यानंतर पुढील वाक्ये फळ्यावर लिहून रिकाम्या जागी हक्क, दावा, मागणी, आरोप, विनंती यांपैकी योग्य शब्द भरण्यास सांगावे.

1. शिक्षण हा प्रत्येक बालकाचा ____ आहे.
2. सुट्टी वाढवून मिळावी, अशी मुलांनी गुरुजींना नम्रपणे ____ केली.
3. हे तेल लावल्यास केस गळत नाहीत, असा ____ जाहिरातीत केलेला आहे.
4. गावाला एस.टी. मिळालीच पाहिजे, ही ग्रामसभेची ____ आहे.
5. आपली वही चोरल्याचा ____ त्याने मित्रावर केला. पण वही घरीच सापडली.

उत्तर चुकले तर लगेच दुरुस्त करू नये. चुकीचा शब्द घालून वाक्य मोठ्याने वाचावे व अर्थ कसा बदलतो ते मुलांनाच सांगू द्यावे. पुढच्या दिवशी प्रत्येकाने घरातील जुन्या वर्तमानपत्रातून 'दावा' हा शब्द असलेले एक वाक्य आणावे. तो खटला आहे, मागणी आहे की केवळ म्हणणे आहे, याची वर्गात चर्चा करावी.

पालक कागद घेऊन आले असता शिक्षकाने तीन गोष्टी सांगाव्यात : येथे 'दावा' याचा अर्थ कोणता, मुदत किती, आणि कोणता पुरावा जोडावयाचा. कागद दिल्यावर त्याची पोच घेण्याचे स्मरण द्यावे. दावा खरा की खोटा, हे ठरवणे शिक्षकाचे काम नव्हे. ते ज्याचे काम आहे त्याच्यापर्यंत माणसाचे म्हणणे स्पष्ट शब्दांत पोहोचावे, एवढे शिक्षकाच्या हाती असते. ज्याचा हक्क आहे त्याला तो सांगता यावा आणि दुसऱ्याचा दावा पारखून घेता यावा, या दोन्ही गोष्टी शब्दाच्या नेमक्या ज्ञानातूनच साध्य होतात.